उकळायचं की भिजवायचं

बुकित पंजांग, सिंगापूर
८ ऑगस्ट २०१७, मंगळवार

जाई,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढे कुठे रागावले तरी ते परत घेता येणार नाहीत.

फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तोमाश तुला विचारील. जावयाला काय सांगायचं ते तू ठरव, पण तुला ठाऊक आहे. तुम्ही रजिस्टर लग्न करून तिकडे युरोपात ब्रनोला गेलात त्या संध्याकाळी तुझ्या बाबांनी मला देवघरापुढे उभं केलं आणि म्हणाले, 'तिच्याशी बोलणार नाही म्हण.' मी म्हटलं. समई पेटलेली होती. दोन वर्षांत मी ती शपथ मोडली नाही आणि मोडणारही नाही. पण लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. बोलायला जीभ लागते. गुरुवारी पोथी वाचून झाल्यावर मी देवापुढे हे मांडलं, त्याने काही हरकत घेतलेली दिसली नाही. मोबाइलवर टाइप करणं हे बोलणं की लिहिणं, याचा मात्र माझ्याच्याने निकाल लागेना. म्हणून कागद बरा. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं मागून कोरी आहेत, ती कापून ठेवली आहेत.

तुझा ब्रनोचा पत्ता तू फ्रिजवर चिकटवून गेली होतीस. ह्यांनी तो काढायच्या आधी मी उतरवून घेतला होता.

लिहायचं कारण म्हणजे ह्यांचं जेवण. डबा परत येतो, जाई. सकाळी सहाच्या कंपनीच्या बसने तुआसला जातात, संध्याकाळी येतात, आणि मी डबा उघडते तर तीन पोळ्यांतल्या दोन तशाच. भाजीला चमच्याचा डाग नाही. रात्री मेतकूट-भात कालवून देते, तो चिवडतात आणि म्हणतात, 'जागा नाही.' कशाची जागा नाही? आत गेलंय काय? पँट कमरेला चिमटीत धरून चालतात. नवा पट्टा घ्या म्हटलं तर जुन्यालाच दाभणाने भोक पाडलं. त्यात मी बोलू शकत नाही, ती काटकसरीची सवय माझीच लागलेली आहे.

डॉक्टरने घशातून नळी घालून पाहिलं. स्वच्छ आहे म्हणाला. तुझ्याच वयाचा पोरगा. 'अंकल, एव्हरीथिंग नॉर्मल. मेबी स्ट्रेस.' ह्यांनी विचारलं, 'फोटोत दाखव कुठे आहे स्ट्रेस.' पोरगा हसला. हे हसले नाहीत.

माझं बरं आहे. पूजा, स्वयंपाक, हिशोब, पोथी, आणि खिडकीतून एलआरटीची छोटी गाडी. ती आपल्या अकराव्या मजल्यावरून खेळण्यातल्यासारखी दिसते हे तूच म्हणायचीस. दिवसभरात माझ्याशी बोलणारी एकच, लिफ्टमधली बाई. 'गोइंग डाउन' म्हणते. परवा मी तिला 'हो गं' म्हटलं आणि मग आत कोणी नाही ना, ते पाहिलं.

तुला काही करायला सांगत नाही. कोणाला तरी सांगायचं होतं, आणि तुझ्यावाचून कोणाला सांगू?

आई

ता. क. तू बॅगा घेऊन लिफ्टपाशी उभी होतीस तेव्हा आपलं दार वाऱ्याने लागलं होतं, कोणी लावलं नव्हतं. या मजल्यावर वारा फार. असो.


१४ सप्टेंबर २०१७, गुरुवार

जाई, बाळा, सुखी राहा.

तुझी पुडी पोचली. खालच्या टपालपेटीत पिवळी चिठ्ठी होती, ती घेऊन मी पोस्टात गेले. काउंटरवरच्या मुलीने पाकीट हलवून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, 'आँटी, टी आह?' मी म्हटलं, 'मेडिसिन. माय डॉटर सेंड.' हे वाक्य मला मोठ्याने म्हणायला मिळालं. पुडी घेऊन तिथल्याच बाकावर जरा बसले.

तुझ्या चिठ्ठीच्या ओळी मला आता पाठ आहेत. 'आई, ही वनस्पती बाबांसाठी. तोमाशच्या आईने स्वतः कुरणातून खुडून सावलीत वाळवली आहे. भूक लागत नसेल तर जेवणाआधी अर्धा कप. इथे हिला जे म्हणतात त्याचा अर्थ जमिनीचं पित्त. मलाही जेवण जात नाही, पण मला ती सध्या देत नाही. जाई.'

जमिनीचं पित्त! नाव वाचून हसू आलं. मग एक काडी चावून पाहिली. हसू गेलं. कानशिलापर्यंत कडू झालं. आमच्या घरी रविवारी सकाळी काडेचिराईताचा काढा असायचा, आम्ही भावंडं माडीवर लपायचो आणि आई एकेकाला कान धरून खाली आणायची. अगदी तीच कडू चव. तिच्या मागून थोडी वेगळी, गवताची. आणि ही गुलाबी फुलं किती चिमुकली! वाळली तरी रंग गेला नाही. तुझ्या सासूबाईंच्या हाताला गुण दिसतो.

आता शेवटची ओळ. 'मला ती सध्या देत नाही.' जाई, काडेचिराईत पोटुशी बाईला देत नाहीत. माझी आई देत नसे, ह्यांच्या आईनेही मला दिलं नव्हतं. सगळ्या देशांतल्या म्हाताऱ्या एकच शाळा शिकलेल्या असतात. म्हणजे मी समजते तेच आहे का? तू लिहिलं नाहीस, म्हणून मीही जास्त विचारत नाही. पण आजपासून तुझ्या नावाने एक वात जास्त लावते आहे. सुंठीचा तुकडा चोखत जा. उपाशीपोटी चहा नको.

ह्यांना सांगितलेलं नाही. काय सांगू? त्यांचं वाक्य तुझ्यासमोरचंच आहे: 'तिकडचं काही या घरात येणार नाही.' शिवाय आपल्याकडची रीत. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत आईबापांनी लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. माझ्या वडिलांनी तुझा जन्म होईपर्यंत आमच्याकडे पाण्याचा पेला हातात घेतला नाही, घरून तांब्या भरून आणायचे.

मग मी असं केलं. पुडी आधी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं, रात्रभर तिथेच राहू दिली. देवापुढे ठेवलं ते देवाचं झालं. देवाचं झालं ते तिकडचं राहिलं नाही. आणि औषधाला तशीही रीत नसते. आज सकाळी अर्धा कप ह्यांच्या हातात दिला. 'काय आहे?' म्हणाले. म्हटलं, 'देवापुढचा काढा आहे.' यात खोटा शब्द एकही नाही. प्यायले. तोंड असं केलं की मला तू पोलिओ डोस घेतानाची आठवलीस.

एक गोष्ट तू लिहायला विसरलीस. उकळायचं की भिजवायचं? मी काडेचिराईतासारखं उकळून अर्धं आटवलं आहे. चुकत असेल तर कळव. चार शब्द पुरतील.

आई


५ ऑक्टोबर २०१७, कोजागिरी

जाई,

आज तुझ्या आशीर्वादात केशर आहे असं समज.

तुझं पत्र नाही. पेटी रोज उघडते. वीजबिल आणि पिझ्झाचे कागद. ते कागदही मागून कोरे निघत नाहीत.

मंडळाचा कोजागिरीचा कार्यक्रम आहे, आम्ही गेलो नाही. गेलो तर बायका विचारतात, 'जाई काय म्हणते?' मागच्या वर्षी मी 'बरी आहे' म्हटलं तेव्हा हे दुसरीकडे पाहायला लागले आणि त्या बायका माझ्याकडे. त्यापेक्षा घरी पावशेर दूध आटवलेलं परवडतं.

काल समोरच्या गोह आँटी मूनकेक घेऊन आल्या. त्यांचीही पौर्णिमाच. 'नो एग वन! आय टेल द शॉप, माय नेबर प्रे-प्रे एव्हरी डे, कॅनॉट ईट एग!' माझ्यासाठी दुकानात जाऊन सांगितलं म्हणे. गॅसवर काढा उकळत होता. त्यांनी नाक वर केलं. 'व्हॉट यू कुक? सो बिटर!' मी पातेलं दाखवलं. त्यांनी बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, 'गुड. लाइक माय मदर टी. यू फॉर हजबंड? ही ड्रिंक, नो स्कोल्ड?' म्हटलं, 'नो स्कोल्ड.' त्या म्हणाल्या, 'देन ही लाइक, लाह!'

मला ते खरं वाटत नव्हतं, पण ऐक. गेल्या आठवड्यात डब्यात एकच पोळी परत आली. सोमवारी एकही नाही. मंगळवारी मी मुद्दाम काढा दिला नाही, विसरल्यासारखं केलं. चपला घालून दारात उभे राहिले. किल्ली चाचपली, छत्री चाचपली. मग म्हणाले, 'आज ते नाही का?' 'काय?' 'ते. कडू.' मी आत जाऊन आणलं. उभ्याउभ्या प्यायले आणि गेले.

कुठून आणलंस, कधी विचारत नाहीत. ह्यांच्या न विचारण्याचं मला आधी बरं वाटायचं. आता भीती वाटते. आणि तुझी बातमी पोटात ठेवून मी रोज ह्यांच्यासमोर पोळी लाटते, ती गोल होत नाही.

पुडी निम्मी झाली आहे. आणखी पाठव असं म्हणत नाही, तुला जड उचलायचं नसेल. पण उकळायचं की भिजवायचं, तेवढं सांग. उकळल्यावर ती फुलं पांढरी पडतात. सगळा गुण वाफेवर जातोय की काय असं वाटतं, आणि मग सासूबाईंच्या मेहनतीचं वाईट वाटतं.

तू रागावली आहेस. रागाव. पण रागावलेलं माणूसही एक वेळ काढ्याची रीत सांगतं.

आई


२१ ऑक्टोबर २०१७, भाऊबीज

जाई,

आज आशीर्वाद तोंडाने दिले आहेत, तरी इथेही असू देत.

फोनवर मला फार काही बोलता आलं नाही. काय झालं ते नीट सांगायचं राहिलं, म्हणून लगेच लिहायला बसले.

पहिल्या आंघोळीला कारीट कुठून आणणार? दर वर्षी मी कारल्याची चकती ठेवते. यंदा ह्यांनी ती पायाखाली चिरडली, आणि जिभेला लावायची वेळ आली तेव्हा म्हणाले, 'कारलं राहू दे. ते दुसरं आण.' मी काढ्याचं बोट त्यांच्या जिभेला लावलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आज दुपारी तुझा पद्माकरमामा ओवाळून घ्यायला आला. दर वर्षीसारखा बेडोकहून अख्खं बेट ओलांडून, हातात तीच एक मिठाईची पेटी. ओवाळलं. जेवला. मग अनारशांचा डबा पुढ्यात घेऊन बसला, आणि जरा वेळाने छाती चोळायला लागला.

'ताई, तुझ्या अनारशांनी माझा घात केला. जळजळतंय.'

'सहा खा म्हणून कोणी सांगितलं होतं?'

'सहावा तू वाढलास!'

'तू डबा सोडत नव्हतास.'

हे खुर्चीत बसून संध्याकाळच्या जेवणाआधीचा काढा पीत होते. हल्ली दोन वेळा घेतात. पद्माकरने वाकून कपात पाहिलं. 'आणि ह्या साहेबांचं काय चाललंय? भाऊबीजेला व्हिस्की?'

'काढा आहे.'

'मग मलाही दे की. कुठे मिळतो? टेक्का बाजारात?'

'मिळत नाही,' हे म्हणाले. 'लेकीकडचा आहे.'

माझ्या हातात करंज्यांचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं नाही आणि पुढेही केलं नाही. या घरात दोन वर्षांनी 'लेक' हा शब्द निघाला होता, आणि तो ह्यांच्या तोंडून.

पद्माकरलाही धक्का बसला असेल, पण त्याचं तोंड तुला माहीत आहे. गप्प बसण्याची त्याला भीती वाटते. म्हणाला, 'लेकीकडचा? आणि तू खुशाल पितोस? अरे, आपल्यात नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. का झालास आजोबा, आम्हाला पेढा न देता?' आणि एकटाच हसला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

'काय गं?'

मी म्हटलं, 'तिने लिहिलेलं नाही. पण तिकडे तिलाही जेवण जात नाही आणि सासू तिला हा काढा देत नाही.'

पद्माकरला काही कळलं नाही. 'का देत नाही? वाईट आहे बाई.' हे मात्र कपात बघत राहिले. कपालाच म्हणाले, 'जाईच्या वेळी आईने तुझंही काडेचिराईत बंद केलं होतं.'

मग पद्माकरला कळलं. तो उठला, बशीतला उरलेला अनारसा उगीच कागदात बांधला, आणि 'ताई, येतो' म्हणून निघाला. ओवाळणीचं पाकीट द्यायला विसरला होता, लिफ्टपर्यंत जाऊन परत आला. दारातच माझ्या हातात कोंबलं आणि ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, 'पेढे मी आणीन. ह्याच्या भरवशावर राहू नकोस.'

दार लावून आत आले. हे स्वयंपाकघरात कप विसळत उभे होते. मी विचारलं, 'कधीपासून माहीत आहे?'

'पहिल्या घोटापासून. काडेचिराईतावर माझं बालपण गेलंय. हे ते नाही. ह्यात फुलं आहेत.'

'फुलांवर नाव नव्हतं लिहिलेलं.'

'आणि तुला जगात दुसरं कोण पुडी पाठवणार?'

हे वाक्य मला लागलं, जाई. खरं होतं म्हणून लागलं. ते टोचून बोलले नव्हते, साधंच बोलले. मी पदराने ओटा पुसायला लागले, तो आधीच पुसलेला होता.

तेव्हा माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाले, 'सुटली.'

'काय सुटली?'

'शपथ. सुटली म्हणतोय ना.'

मी म्हटलं, 'इथे सिंकपाशी नाही. जिथे घातलीत तिथे म्हणा.'

वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत. हात पुसले, देवघरापुढे गेले, मी समई लावली, आणि लहान मुलासारखं हात जोडून म्हणाले, 'सुटली.' मग देवालाच समजावल्यासारखं, 'हिची. जाईशी बोलायची.' आणि खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला. तुझा नंबर त्यात होता, जाई. खोडलेला नव्हता.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्याकडून कसं झालं ते सांगते. तू 'हॅलो, बाबा?' म्हणालीस. इतक्या दिवसांत मनात बोलून ठेवलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, 'जेवलीस का?' तू म्हणालीस, 'आई, इथे सकाळचे अकरा वाजलेत,' आणि रडायला लागलीस. मग मला फक्त तुझं नाक ओढणं ऐकू येत होतं, आणि मी तेवढ्याने बसून राहिले. मार्चचा पहिला आठवडा म्हणालीस. मी बोटांवर मोजलं नाही, हे माझ्याशेजारी मोजत होते.

आणि मग तू म्हणालीस, पहिलंच पत्र वाचलंस. पुढची दोन ड्रॉवरमध्ये आहेत, उघडवेनात. 'त्या ता. क. नंतर नाही उघडवलं, आई.' बोलता येत होतं, शपथही सुटली होती, तरी नाही बोलले. म्हणजे आठवड्यांमागून आठवडे मी पेटी उघडत होते ते रिकामंच होतं. माझा साधा प्रश्नसुद्धा तुझ्यापर्यंत पोचला नव्हता. हे वाईट वाटून लिहीत नाही. कसं असतं ते लिहिते.

तेवढ्यात ह्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी घसा खाकरला, आणि तुझ्या बाबांचे दोन वर्षांनंतरचे पहिले शब्द:

'ते उकळायचं असतं की भिजवायचं?'

तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं. 'भिजवायचं, बाबा. गार पाण्यात, रात्रभर. उकळायचं नाही.' हे म्हणाले, 'तुझी आई उकळते,' आणि 'बरं' म्हणून फोन मला परत दिला. तोंड पुसायला बाथरूममध्ये गेले. पाणी सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ थांबला नाही. पाणी वाया जातंय हे मी बाहेरून सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर घर एकदम शांत झालं. आधीही शांतच असायचं, पण आज ते कानाला लागलं. आता तुझा आवाज आठवतो ना, म्हणून.

रविवार, सकाळ

पत्र अजून पाकिटात घातलं नव्हतं, म्हणून एवढं पुढे लिहिते. काल त्यांनीच पेल्यात चिमूटभर काड्या घालून, पाणी ओतून, वर बशी झाकून ठेवली. आज सुट्टी, तरी लवकर उठले. फुलं पेल्यात वर आली होती, गुलाबी ती गुलाबीच. एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

'हे तर जास्त कडू आहे.'

'मग नका घेऊ.'

सगळं प्यायले. पेला धुऊन पालथा घातला. आणि गॅलरीत बांबूवर वाळत घातलेल्या माझ्या साडीचा पदर सारखा करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, 'पाणी आधीच पिऊन बसलोय. आता तोंड पाहायला जायला हवं. रीत आहे.'

मी हूं की चूं केलं नाही. केलं असतं तर शब्द फिरवला असता.

जाई, ड्रॉवरमधली दोन पत्रं उघडावीशी वाटली नाहीत तर नको उघडूस. त्यांत काढ्याचंच आहे. हे तरी कधी उघडशील, मला ठाऊक नाही. पण मार्चमध्ये तिकडे थंडी किती असते, ह्यांना एक स्वेटर पुरेल की दोन, ते मला सांग. पत्राने नको. फोन कर.

आई